आम्ही स्पर्धेत उतरत नाही, तरी लेन मागतो

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
जलतरण तलाव व्यवस्थापन समिती

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तिकीट खिडकीशेजारच्या फळ्यावर तुमची सूचना लागली. पुढच्या महिन्यापासून पहाटे साडेपाच ते सात या वेळेतल्या लेन 'स्पर्धात्मक जलतरणपटूंसाठी राखीव' राहतील. वर्षभरात जिल्हा किंवा राज्य पातळीवरच्या एका तरी स्पर्धेत भाग घेतल्याचं प्रमाणपत्र दाखवेल त्यालाच तिथला पास मिळेल, बाकीच्या सभासदांनी सात वाजताच्या हौशी बॅचमध्ये यावं. हौशी बॅचला लेनच्या दोऱ्या काढून ठेवलेल्या असतात आणि चाळीस-पन्नास माणसं एकदम पाण्यात असतात. कुणी उभ्याने गप्पा मारतं, कुणी आडवं जातं, कुणी नातवाला शिकवत असतं. त्यांचंही बरोबरच आहे, त्यांनीही पैसे भरलेत. पण त्या गर्दीत सलग शंभर मीटर पोहता येत नाही.

मुलांना सरावाला मोकळं पाणी मिळावं हा तुमचा हेतू मला कळतो. माझी तक्रार त्या सूचनेत न लिहिता गृहीत धरलेल्या गोष्टीबद्दल आहे: स्पर्धेत उतरतो तो मन लावून पोहतो, आणि उतरत नाही तो नुसता डुंबायला येतो. साडेपाचच्या बॅचमध्ये आम्ही नऊ-दहा प्रौढ सभासद आहोत, ज्यांना ती सूचना वाचून वाईट वाटलं. त्यांच्या वतीने आणि मुख्यतः माझ्या वतीने लिहिते आहे.

मी 47 वर्षांची आहे, बँकेच्या शाखेत नोकरी करते. लहानपणी आमच्या मळ्यात विहीर होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आप्पा माझ्या दोन्ही भावांच्या पाठीला रिकामा डबा बांधून त्यांना विहिरीत सोडायचे. आठ-दहा दिवसांत डबा सुटला. मी वरती काठावर त्यांचे कपडे राखत बसायचे. मलाही उतरायचं आहे, असं एकदा म्हणून पाहिलं, तर आजी म्हणाली, "पोरीच्या जातीला कशाला ते?" आणि विषय तिथेच संपला. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. त्या वेळी आमच्याकडे असंच होतं. पाण्यात मी पहिल्यांदा उतरले ती वयाच्या 36 व्या वर्षी, तुमच्याच तलावावर, दुपारच्या महिला बॅचमध्ये, भिंतीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून.

पहिल्या वर्षी एक फेरी जमली. तिसऱ्या वर्षी एक किलोमीटर, म्हणजे आपल्या 25 मीटरच्या तलावात 40 फेऱ्या. त्यानंतर मी महिला बॅच सोडून पहाटे यायला लागले, कारण आता मला पोहता येण्यापेक्षा नीट पोहायचं होतं. तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे. बाकड्यावर टॉवेलखाली ठेवते, तरी ती भिजतेच. पानं फुगून वही दुप्पट जाड झाली आहे. पेनाची शाई फुटते म्हणून पेन्सिलने लिहिते. त्यात रोजचा सेट असतो: वॉर्म-अप 400, ड्रिल (म्हणजे हाताची ढब सुधारायचा सराव) 200, मग 100 मीटर दहा वेळा, दर अडीच मिनिटांनी नवा शंभर सुरू, शेवटी सावकाश 200. प्रत्येक शंभराची वेळ, एका फेरीत किती हात मारले तो आकडा, झोप कशी झाली होती, खांदा दुखला का. आकडे कुणाला दाखवायचे नसतात. फेरीला 27 हात लागायचे, आता 21 लागतात. हे सहा हात कमी करायला मला चार वर्षं लागली.

ही चार वर्षं कशात गेली ते थोडं सविस्तर सांगते, कारण मन लावणं म्हणजे काय यावरच आपला मतभेद आहे. माझा डावा हात पाण्यात शिरताना डोक्यासमोरची मधली रेघ ओलांडून उजवीकडे जायचा. त्यामुळे कंबर डुलायची, पाय फाकायचे आणि प्रत्येक श्वासाला अंग ब्रेक लावल्यासारखं थांबायचं. मला हे माहीतच नव्हतं. पलीकडच्या लेनमधल्या एका मुलीने, ती नववीत होती, सांगितलं, "काकू, तुमचा डावा हात तिरका पडतो." मग रोज 200 मीटर फक्त एका हाताने पोहणं, मुठी मिटून पोहणं, पायात पुल बॉय (फोमचा तरंगणारा ठोकळा) धरून पोहणं. चार महिने काहीच बदललं नाही. नंतर एका पहाटे कोपर वर राहिलं, पंजा खाली वळला आणि पाणी हातात आलं. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. इतकी वर्षं हात पाण्यातून नुसता निसटून जात होता, त्या दिवशी पाणी धरल्यासारखं झालं आणि अंग त्याच्यावरून पुढे सरकलं. दोन-तीन हात टिकलं आणि गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधलं. आजही शंभरातल्या साठेक मीटरमध्ये ते सापडतं, दमले की सुटतं.

पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असतं. वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा विरोध चौपट होतो. म्हणून पाण्यात ताकदीपेक्षा आकार जास्त कामाला येतो: अंग किती सरळ, डोकं किती खाली, हात कुठे शिरतो. धावण्यात पन्नाशीच्या आसपासच्या माणसाला दरवर्षी थोडं गमवावंच लागतं. पोहायला उशिरा शिकलेला माणूस मात्र पन्नाशीतही दरवर्षी सुधारू शकतो, कारण त्याचं शिकायचंच पुष्कळ बाकी असतं. आम्ही पहाटे पाचला उठून येतो ते या शिकण्यासाठी. व्यायाम त्यात आपोआप होतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं करता तर एखाद्या स्पर्धेत उतरायला काय हरकत आहे? हा प्रश्न मला तलावावर, बँकेत, लग्नकार्यात शंभर वेळा विचारला गेला आहे. आपुलकीने विचारला गेला आहे, म्हणून त्याचं खरं उत्तर देते.

मी एकदा उतरले आहे. सहा वर्षांपूर्वी, सगळ्यांच्या आग्रहावरून, 50 मीटर फ्रीस्टाइल. आयोजन चांगलं होतं, लोक प्रेमाने वागले, माझं कुणीही काही बिघडवलं नाही. पण आधीचे तीन महिने माझा सराव माझा राहिला नाही. ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या चौथऱ्यावरून सूर मारणं, जोरात सुटणं, टर्न, पुन्हा जोरात. हात किती लागले हे मोजणं थांबलं, कारण स्प्रिंटमध्ये ते बघायला वेळ नसतो. खांदा दुखायला लागला. शेवटचे दहा दिवस प्रशिक्षकांनी पोहणं निम्म्यावर आणलं. याला टेपर म्हणतात. स्पर्धेच्या दिवशी शरीर ताजं राहावं म्हणून सराव कमी करतात, आणि शास्त्र म्हणून ते अगदी योग्य आहे. त्या दहा दिवसांत मला कळलं की स्पर्धेसाठी माझी सगळ्यात आवडती गोष्टच बाजूला ठेवावी लागते आहे. मला पोहण्याचा सरावच हवा असतो. सराव हे माझं साधन नाही, तेच माझं काम आहे. स्पर्धा पन्नास सेकंदांत संपली. परत आल्यावर मी वही उघडली, आणि डावा हात पुन्हा तिरका पडायला लागला होता.

ही माझी गोष्ट. बाकीच्यांची कारणं वेगळी आहेत.

आमच्यातल्या एका दादांचं मोंढ्यात अडत दुकान आहे. सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात त्यांना जेवायला फुरसत नसते, तरी पहाटे ते चुकत नाहीत. ते म्हणतात, "दिवसभर सौद्यात बोलीच बोलायलो मॅडम. इथं तरी कुणाशी बोली लावायची नाही." हेच दादा दोन वर्षं शंभर मीटर बटरफ्लाय, म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे टाकत पोहणं, सलग काढायच्या मागे होते. बटरफ्लाय ही वयाच्या 52 व्या वर्षी शिकायची गोष्ट नव्हे, असं सगळे म्हणायचे. आधी 25, मग 50, मग 75 ला येऊन सहा महिने अडकले. शेवटच्या फेरीत हात पाण्याबाहेर यायचेच नाहीत. गेल्या श्रावणात एका सकाळी त्यांनी शंभर पूर्ण केले. भिंतीला हात लागल्यावर ते तलावाच्या कडेच्या पन्हळीला धरून बराच वेळ तसेच उभे राहिले. आमच्या जीवरक्षकाने खुर्चीवरून मान हलवली, एवढंच. तुमच्या नव्या नियमाने या माणसाला हौशी बॅचमध्ये जावं लागेल.

एसटीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना विचारलं तर म्हणतात, "तीस वर्षं टायमिंगच्या मागं गाडी पळवली की हो." एका सभासदाची अँजिओप्लास्टी झाली आहे. त्यांना डॉक्टरांनी एका लयीत लांब पोहायला मोकळीक दिली आहे, जीव तोडून स्प्रिंट मारायला नाही. तुमचं प्रमाणपत्र आणायला गेले तर त्यांना नेमकं मनाई केलेलंच करावं लागेल. आणि आम्हा बायकांचं एक कारण आहे, जे फळ्यावर सूचना लिहिणाऱ्याला कदाचित सुचलंही नसेल. पहाटे तलावावर सगळे आपापल्या पाण्यात असतात, कुणी कुणाकडे बघत नाही. स्पर्धेत ओल्या पोशाखात ब्लॉकवर उभं राहायचं असतं, समोर प्रेक्षक असतात, हातात मोबाइल असतात आणि संध्याकाळपर्यंत फोटो गावभराच्या ग्रुपवर फिरतो. आमच्यातली एक मैत्रीण सासूबाईंना कसंबसं राजी करून पोहायला येते. ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली पोहते. तिने त्या ब्लॉकवर उभं राहावंच, अशी अट कुणी का घालावी?

माझे आप्पा तालमीत जायचे. गावच्या तालमीत साठीपर्यंत त्यांनी जोर-बैठका मारल्या, हौद्यातली माती स्वतः उकरली, तेल-ताक घालून मळली. कुस्तीचा फड त्यांनी पंचविशीतच सोडला होता. मी लहान असताना जत्रेत कुस्त्या लागल्या की ते प्रेक्षकांत बसायचे. त्यांना वस्तादांनी कधी सांगितलं नाही की तुमची कुस्ती यंदा कुठे लागली नाही, तेव्हा उद्यापासून तालमीत येऊ नका. उलट सकाळी लवकर येऊन मेहनत करणारे असे चार जुने लोक असले की तालमीला शिस्त राहते, नवी पोरं त्यांच्याकडे बघून शिकतात, असं वस्ताद म्हणायचे. आपल्या तलावावरही तेच होतं. आम्ही वेळेवर येतो, दोऱ्या आम्हीच ओढतो, लेनच्या एका कडेने जाऊन दुसऱ्या कडेने परत येतो. नवीन मुलं आमच्या मागे पोहून ही रीत शिकली आहेत.

मुलांसाठी प्रमाणपत्राचं मोल काय आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांत होतात. त्यातल्या कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या पोराचं त्यावर आयुष्य बदलू शकतं. जिल्हा स्पर्धेआधी तीन-चार आठवडे मुलांना सगळ्या लेन द्या, आम्ही काठावर उभं राहून त्यांच्या वेळा घेऊ. स्टॉपवॉच धरायला माणसं लागतातच. पण पन्नाशी ओलांडलेल्या अडत्याला त्या कागदाचा उपयोग काय? त्याच्यासाठी तो कागद म्हणजे नुसता गेट पास होईल. मग लोक पास मिळावा म्हणून स्पर्धेत नाव नोंदवतील, एक फेरी कशीबशी मारतील आणि प्रमाणपत्र घेऊन येतील. त्याने स्पर्धेचीही किंमत जाईल.

एक गोष्ट मराठवाड्याची म्हणून सांगते. 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी 1.6 मीटर खोल, अशा तलावात पाच लाख लिटर पाणी मावतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला जी पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. हा हिशोब मी एकदा वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि त्या दिवशी मला पाण्यात उतरवेना. त्या उन्हाळ्यात आपला तलाव बंद होता आणि तो बंद असायलाच हवा होता. आमच्यापैकी एकानेही तेव्हा कुरकुर केली नाही. तलावाचं पाणी गाळून पुन्हा वापरतात, रोज नवं भरत नाहीत, हे खरं आहे. तरीही टँकर बघत मोठ्या झालेल्या माणसाला एवढं पाणी समोर दिसलं की ते कुणाचं, हा प्रश्न पडतोच. ते सगळ्या गावाचं आहे. म्हणून ते वर्षभर, पहाटेपासून, जास्तीत जास्त लोकांच्या अंगी लागलं पाहिजे. चार पदकांसाठी आठ जणांना लेन आणि बाकी लेन रिकाम्या, असं पावसाळ्यात तुमच्या तलावावर होणार आहे, कारण परीक्षेच्या आणि पावसाच्या दिवसांत मुलं येत नाहीत. त्या दिवसांत पहाटे कोण असतं, ते जीवरक्षकाला विचारा.

जगात ज्याला 'मास्टर्स' जलतरण म्हणतात ते प्रौढांसाठीच आहे. वय 25 पासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात. त्याची सुरुवात 1970 मध्ये अमेरिकेतल्या अमरिलो या गावी झालेल्या एका स्पर्धेने झाली. त्यामागे रॅन्सम आर्थर नावाचे नौदलातले डॉक्टर होते. प्रौढ माणसांनी पोहत राहावं, तब्येत राखावी, आणि त्यासाठी त्यांना एक निमित्त असावं, हा त्यांचा विचार होता. म्हणजे तिथे स्पर्धा हे निमित्त होतं आणि पोहत राहणं हा हेतू. आज तिथल्या संघटनेच्या सभासदांपैकी बहुतेक जण सराव करतात पण स्पर्धेत उतरत नाहीत, आणि त्यांना कुणी लेनमधून उठवत नाही. आपण निमित्तालाच अट करून बसलो आहोत.

लेन कुणाला द्यायची याला काहीतरी कसोटी हवी, हे मान्य. नाहीतर कुणीही शिरेल आणि मुलांना अडथळा होईल. ती कसोटी पाण्यातच घ्या. आम्ही आमच्यापुरती एक चाचणी दर तीन महिन्यांनी घेतोच: एक दिवस 400 मीटर आणि 200 मीटर पूर्ण जोर लावून, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन. दोन्ही वेळांमधला फरक काढला की उरलेल्या 200 मीटरला किती वेळ लागतो ते कळतं, आणि त्यावरून न थकता टिकवता येणारा वेग निघतो. माझे 400 मीटर 8 मिनिटं 20 सेकंदांत झाले, 200 मीटर 4 मिनिटांत. फरक 260 सेकंद, म्हणजे शंभराला 2 मिनिटं 10 सेकंद. ज्यांचा वेग सारखा ते एका लेनमध्ये, मग ती पंधरा वर्षांची मुलगी असो की साठीचे काका. हृदयाचा त्रास असलेल्यांना डॉक्टरांची चिठ्ठी पुरे, त्यांना सावकाश लेन द्या. वर्षात अमुक इतके दिवस हजेरी असावी, ही अट घाला. हजेरीच्या रजिस्टरमध्ये आमची नावं बघून घ्या. लेनमध्ये मध्येच थांबणाऱ्याला दोनदा सांगून तिसऱ्यांदा बाहेर काढा, आम्हालासुद्धा. हे सगळं मोजता येतं आणि त्याला खर्चही नाही.

या पत्राच्या तळाशी अकरा जणांच्या सह्या आहेत. त्यातल्या तीन सह्या शाळकरी मुलांच्या आहेत, जी तुमच्या नियमाने पात्र ठरतात. त्यांच्याकडे आम्ही सही मागितली नव्हती.

सोमवारी साफसफाईसाठी तलाव बंद असतो, त्यामुळे सोमवारी सकाळी आम्ही सगळे मोकळे असतो. समितीने येत्या सोमवारी अर्धा तास दिला तर कार्यालयात येऊन बोलू. वही बरोबर आणेन.

आपली,
पहाटे साडेपाचच्या बॅचमधली एक सभासद